घरात खायचे वांदे, अन् कुत्रं कायले पाळता?

गोठा-अंगण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईकडे हे मासिक येते, तिथून आणून मी तुमचं सदर वाचते. आमचं गाव दारव्हा तालुक्यात आहे. दोन एकर कोरडवाहू वावर, त्यात या वर्षी सोयाबीन अन् तूर होती, बाकी आम्ही दोघं नवरा-बायको दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जातो. घरात सासूबाई अन् दोन लेकरं, मोठी पोरगी सहावीत आहे. तर झालं असं का पोळ्याच्या आठ दिवसाआधी पोरीनं शाळेतून येताना नालीतून कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं, पूर्ण भिजलेलं, कुडकुडत होतं. मी रागावली, पण पाऊस होता म्हणून म्हटलं राहू दे आजची रात्र, मंग ते राहूनच गेलं. पोरीनं नाव ठेवलं वाघ्या. महिन्याभरानं ते ओकाऱ्या करायले लागलं अन् संडासातून रक्त, वास असा का घरात बसवे ना. पोरगी जेवे ना. तालुक्याहून खाजगी डॉक्टर बोलावला, चार दिवस सलाईन लावली, सगळे मिळून एकोणीसशे रुपये लागले, ते मी गटातून उचलले अन् दर महिन्याले दोनशे करून फेडून रायली. वाघ्या वाचला. पण आता माझे जेठ येता-जाता म्हणतात का घरात खायचे वांदे अन् कुत्रं कायले पाळता, हे चोचले पैसेवाल्याचे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण एका पोरानं टाकलं का ज्याची ऐपत नाही त्यानं मुकं जनावर पाळूच नये, त्याचे हाल होतात. ते मले जास्त लागलं कारण ते मले खरं वाटते. दुसरं म्हणजे तूर निघाली का फेब्रुवारीत आम्ही दोघं लहान्याले घेऊन पुण्याकडे बांधकामावर जाणार आहो, जून लागला का परत. सासूबाई अन् पोरगी घरी राहतील, सासूबाईले नीट दिसत नाही. आम्ही चुकलो का? ठेवावं का कोणाले देऊन टाकावं?
एक ताई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुम्ही चुकल्या नाही. पावसात भिजलेलं पिल्लू एक रात्र घरात घेतलं, ते आजारी पडलं तर गटातून पैसे उचलून सलाईन लावली, यात चूक कुठं आहे मला तरी दिसत नाही. तुमचे जेठ म्हणतात ते मी नोकरीत असताना किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही, आणि असं म्हणणारे लोक वाईट नसतात, घरातल्या लेकरांच्या ताटाची काळजी असते त्यांना. पण ग्रुपवरच्या पोराचं म्हणणं तुम्हाला खरं वाटलं, मनाला लागलं, त्यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण पैसे कमी म्हणून जनावराचे हाल, हे गणित इतकं सरळ नाही.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांमध्ये पशुधन पर्यवेक्षक होतो. त्यातली बरीच वर्षं पुसद-उमरखेडच्या पट्ट्यात गेली. तिथं एका चांगल्या खात्यापित्या घरी जर्मन शेफर्ड होता, हौसेनं आणलेला, पाकिटातलं खाणं, गळ्यात चांगला पट्टा, सगळं होतं. आणि तो मे महिन्यात गच्चीवर साखळीला बांधलेला असायचा, पत्र्याची एवढीशी सावली, ती पण दुपारी बारानंतर सरकून जायची अन् साखळी तिथपर्यंत पुरायची नाही. आम्ही पोचलो तेव्हा त्याची जीभ निळसर पडली होती. पाणी टाकलं, ओलं पोतं टाकलं, सलाईन लावली, नाही वाचला. त्या घरात पैशाची काही कमी नव्हती, फक्त दुपारी वर जाऊन बघायला कोणी नव्हतं.

आणि त्याच पट्ट्यातला एक सालदार. वर्षाच्या करारावर दुसऱ्याच्या बैलांमागे राबणारा माणूस, घर म्हणजे कुडाच्या चार भिंती. सकाळी सातला दवाखाना उघडला तर हा दारात बसलेला, समोर घमेलं, घमेल्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं कुत्रं. रात्री जागलीवर असताना रानडुकरानं फाडलं होतं, पोटाची कातडी वीतभर उघडी अन् आतडं बाहेर आलेलं. रात्री तीनला निघाला होता तो, पायी, घमेलं डोक्यावर. आणि मला आजही नवल वाटतं ते याचं की त्या फडक्याला त्यानं वाळू दिलं नव्हतं, रस्त्यात दोनदा थांबून हापशीचं पाणी शिंपडत आणलं होतं, आतडं सुकलं की जनावर हातचं जातं हे त्याला कोणी शिकवलं असेल देव जाणे. डॉक्टरसाहेबांनी आतडं धुऊन आत घातलं, टाके मारले, मी पाय धरून होतो. मग विचारलं, रेबीजची सुई दिली होती का कधी, तर त्यानं चंचीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं, घडीवर घडी पडून मऊ झालेलं. तीन वर्षांच्या तीन नोंदी, तिन्ही पोळ्याच्या आसपासच्या. म्हणाला, "बैलाचे शिंगं रंगवतो ना साहेब, तवाच याची सुई, म्हणजे इसरत नाही." दहा दिवसांनी टाके काढायला ते कुत्रं त्याच्यामागं पायी चालत आलं.

म्हणून ताई, तुमच्या घरात महिन्याला किती पैसे येतात हे मी विचारणार नाही. मी विचारीन की त्याच्याकडे बघणारं कोणी आहे का, वर्षाचा जो ठरलेला खर्च आहे तो बाजूला काढता का, आणि घर बंद झालं तर ते कुठं जाईल हे आज ठरलेलं आहे का. पहिल्याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, पिल्लू आजारी पडलं तर तुमची पोरगी जेवली नाही. उरलेल्या दोन गोष्टींचं बोलू.

खर्च आधी सांगतो, कारण माणूस आकड्याला घाबरतो अन् तो आकडा कोणी मांडून बघत नाही. गावठी कुत्र्याचं खाणं घरातूनच निघतं, त्याचं पुढं सांगतो. बाहेरून पैसे लागतात ते असे. रेबीजची लस वर्षाला एक, अडीचशे धरा. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची एकत्र लस येते, ती सहाशे धरा. जंताची गोळी तीन-तीन महिन्यांनी, वर्षाच्या चार, तीस-तीस धरल्या तर एकशेवीस. गोचीड-पिसवांचं औषध तीनशे. बेरीज झाली १२७० रुपये. जागेप्रमाणे थोडं कमीजास्त होईल, सरकारी दवाखान्यात लसीकरणाचं शिबिर असलं तर बरंच कमी होईल. आता रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली आपल्या राज्यात ३१२ रुपये रोज होती. म्हणजे वर्षातल्या चार दिवसांची हाजरी अन् वर वीस-बावीस रुपये. चार दिवस त्याच्या नावानं काम केलं असं समजा. जेठांना हे असंच मांडून दाखवा, भांडण करू नका, नुसतं बेरीज करून दाखवा.

आजारपणाचा खर्च वेगळा, तो सांगून येत नाही. पण तुमचे जे एकोणीसशे गेले ना ताई, ते सहाशेची लस वेळेवर न झाल्यानं गेले. ओकाऱ्या अन् रक्ताची घाण वासाची संडास म्हणजे बहुतेक पार्व्होच होता, पिल्लांना तो भराभर मारतो, तुमचं वाचलं ते तुम्ही लगेच सलाईन लावली म्हणून. तुम्हाला दोष देत नाही, रस्त्यावरच्या पिल्लाला सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस अन् मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, चार महिन्यांचं होईपर्यंत, हे आपल्याकडे सांगतं कोण. आणखी एक, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने राहतो, फिनाईलनं मरत नाही. जिथं वाघ्यानं घाण केली होती तिथं ब्लिचिंग पावडरचं पाणी टाका, ग्रामपंचायतीकडे पावडर असतेच, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत गल्लीतलं दुसरं कोवळं पिल्लू त्या जागी येऊ देऊ नका.

रेबीजच्या सुईवर मात्र मी कोणालाच सूट देत नाही, गरिबाला नाही अन् श्रीमंताला नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की ती द्यायचीच, वाघ्याची आता वेळ झालेली आहे, हे उत्तर वाचलं की त्याच आठवड्यात द्या. आपलीच पोरगी त्याला कवेत घेऊन झोपते. रेबीज एकदा दिसायला लागला की माणसाला असो की जनावराला, त्यावर इलाज नाही, पण लसीनं तो अडतो. आणि लस मेडिकलमधून आणायची असेल तर बर्फ घालून थर्मासमध्ये आणा, खिशात टाकून उन्हातून तासभर आणलेली लस म्हणजे पाणी, पैसे गेले अन् वरून लस झाली या भरवशावर माणूस राहतो ते जास्त धोक्याचं. शक्यतो तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कुत्रंच घेऊन जा, तिथं फ्रिज असतो. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरण होतं. पोळा, की त्यानंतरचा हा दिवस, एक काहीतरी धरून ठेवा त्या सालदारासारखं.

आणि कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा ओरखडा पोराबाळाला लागला, घरच्या का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही, झाडफूक करणाऱ्याकडे वेळ घालवायचा नाही, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात. सरकारी दवाखान्यात माणसाची रेबीजची लस मोफत मिळते, जेवढ्या तारखा देतील तेवढ्या पूर्ण करायच्या, एक-दोन घेऊन वावराच्या कामाला लागायचं नाही. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत दुसरं इंजेक्शनही द्यावं लागतं, ते आवर्जून विचारा.

खाण्याचं सांगतो. वाघ्याला पाकिटातलं काही लागत नाही. ज्वारीची भाकर चालते, भात चालतो, पण नुसत्या भाकरीवर कुत्रं पोट भरूनही हाडकुळं राहतं, केस राठ होतात, लोक म्हणतात लागत नाही त्याला. त्याला डाळ किंवा अंडं किंवा मटणाचा काही अंश पाहिजे. तुमच्याकडे सोयाबीन आहे, ते भिजवून चांगलं उकडून भाकरीत कुस्करून द्या, थोडं थोडं. कच्चं देऊ नका, पचत नाही. आठवड्यातून दोन अंडी, जमलं तर बाजाराच्या दिवशी कोंबडीवाल्याकडून पाय अन् मान स्वस्तात मिळतात ते उकळा, मास काढून घ्या अन् हाडं फेकून द्या, शिजलेलं हाड फुटून घशात-आतड्यात रुततं. कांदा-लसणाची फोडणी घातलेलं, तिखट रश्श्यातलं देऊ नका, कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. आमच्याकडे सगळे वरणात भाकर चुरून घालतात, मग फोडणीच्या आधीचं वरण एक वाटी बाजूला काढलं की झालं, त्याला वेगळा खर्च कुठं आला.

आता पुण्याचं. खरी अडचण ही आहे आणि ग्रुपवरच्या पोरानं जे म्हटलं त्यातला खरा भाग पण इथंच आहे. आपल्याकडे कुत्र्यांचे सगळ्यात जास्त हाल मी फेब्रुवारी ते मे या महिन्यांत पाहिले, घरं कामाला बाहेरगावी जातात, दाराला कुलूप लागतं अन् कुत्रं त्या कुलपासमोर बसून राहतं. पंधरा दिवस बसतं, मग उकिरड्यावर, मग कोणाच्या तरी कोंबड्या धरतं अन् मार खातं. तुमच्याकडे कुलूप लागणार नाही, सासूबाई अन् पोरगी आहेत, हे फार मोठं आहे. उलट नीट न दिसणारी म्हातारी अन् सहावीतली पोर रात्री घरात असताना दारात भुंकणारं कुत्रं असलं तर तुम्हाला पुण्यात झोप लागेल. पण सगळं त्या पोरीवर टाकून जाऊ नका, तिची शाळा आहे, आजी आहे. जायच्या आधी ज्वारी बाजूला काढून ठेवा. गटाच्या अध्यक्षबाईकडे पाचशे रुपये पाकिटात देऊन ठेवा, वर लिहा वाघ्याचं औषध, म्हणजे काही झालं तर पोरीला कोणाकडे हात पसरावा लागणार नाही. अन् दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मोटरसायकल कोणाची, हे जेठांनाच विचारा. अहो जे रागावतात ना तेच वेळेवर उपयोगी पडतात, मी कितीदा पाहिलं. गुरांसाठी १९६२ नंबरवर फोन केला की फिरतं पथक येतं, ते गावात आलं असेल तर तिथल्या डॉक्टरांना वाघ्याबद्दलही विचारून घ्या.

उन्हाळ्यात पाण्याचं भांडं मातीचं ठेवा, सावलीत, दिवसातून दोनदा भरायचं, हे काम पोरीचं. साखळी लावायची तर दिवसभर सावली पोचेल अशा जागी.

देऊन टाकायचंच ठरलं तर गावातल्या गावात, जिथं तुम्हाला जाऊन बघता येईल अशा घरी द्या. आठवडी बाजारात सोडणं, ढाब्याजवळ उतरवून येणं, हे करू नका. उपाशी-तहानलेलं राहील अशा ठिकाणी जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, पण त्याहून म्हणजे तुमच्या पोरीला तुम्ही काय सांगाल. पत्रावरून तर मला वाटतं तुम्ही ठेवणार आहात, तुम्हाला फक्त कोणीतरी हो म्हणायला पाहिजे होतं. तर माझं हो आहे.

एक राहिलंच. वाघ्या नर आहे म्हणून तो घरात राहिला असेल, मादी असती तर? आपल्याकडे सगळे कुत्रा ठेवतात अन् कुत्री सोडून देतात, मग त्या सोडलेल्या कुत्रीला वर्षातून दोनदा चार-सहा पिल्लं होतात, नालीत, अन् त्यातलंच एक तुमच्या पोरीला सापडतं. पाळीव जनावराची लस अन् नसबंदी मालकानं करायची आणि मोकाट कुत्र्यांची स्थानिक संस्थेनं, असं प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत लिहिलेलं आहे. ग्रामसभेत हा विषय काढा, बचत गटाच्या बायांनी मिळून काढला तर टाळता येत नाही. वाघ्याचं पण ऑपरेशन पुढंमागं करून घ्या, अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात खाजगीपेक्षा कमी पैशात होतं, कोणी ढोर घेऊन तिकडे जात असेल तर त्याच गाडीत.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची, पवनी तालुक्यात गावी एकटी राहते, मी नागपूरला कंपनीत आहे. तिला निराधारचा पगार १५०० रुपये मिळतो आणि मी जमेल तसे पाठवतो. तिनं मांजर पाळली आहे आणि रोज दहा रुपयांचं दुधाचं पाकीट मांजरीला पाजते, म्हणजे महिन्याचे तीनशे रुपये मांजरीवर, स्वतः मात्र काळा चहा पिते. मी म्हटलं मांजर सोडून दे तर दोन दिवस फोनवर बोलली नाही. तुम्ही समजावून सांगा.
एक मुलगा, नागपूर

उत्तर : भाऊ, मी तुमच्या आईंना समजावणार नाही, तुम्हालाच समजावतो, राग मानू नका. त्या घरात संध्याकाळी दिवा लागल्यावर त्यांच्याशी बोलायला कोण आहे हे एकदा डोळ्यांसमोर आणा. मांजर पायात घोटाळते, हाक मारली की येते, तिच्यासाठी उठावं लागतं, चूल पेटवावी लागते. म्हातारपणी एकट्या माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं हो. माझी स्वतःची आई शेवटची चार वर्षं गावी एकटी होती, तिच्याकडे मांजर पण नव्हती, अन् ते मला आजही खातं.

पण दुधाचं तुमचं बरोबर आहे, कारण वेगळं आहे. मोठ्या मांजरीला दूध लागतच नाही, बऱ्याच मांजरींना ते पचत नाही अन् हगवण लागते. तिला मास-मासळी लागते. नुसत्या दूध-भातावर राहिलेल्या मांजरीचे हळूहळू डोळे जातात, हृदय कमजोर होतं. तुमचा भंडारा जिल्हा तलावांचा, बाजारात मासोळीची डोकी अन् बारीक मासे ढीवर बाया स्वस्तात देतात, कधी तशीच देतात. ती उकडून, काटे बघून, भातात कालवून द्यायची. दूध आईंनी चहात घालायचं. असं सांगा आईंना, की डॉक्टरकडच्या माणसानं सांगितलं मांजरीला दूध बाधते, मग बघा पाकीट आपोआप चहात जाते की नाही.

मांजरीला पण रेबीजची सुई लागते, ती तुम्ही पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा द्या, खर्च तुमचा. मादी असेल तर ऑपरेशन पण तुम्हीच करून आणा, नागपूरलाच तर आहात. आणि घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कधी द्यायची नाही, एका गोळीनं मांजर मरते, हे आईंना फोनवर दोनदा सांगा. आज फोन करा अन् आधी मांजरीचं विचारा.

प्रश्न : काका, मी वरोऱ्याला मोबाईलच्या दुकानात काम करतो, महिना ९००० मिळतात. मला हस्की कुत्रं पाहिजे, नागपूरला एक जण २५ हजारात देतो म्हणतो, अर्धे आता अन् अर्धे हप्त्यानं. घर टिनाचं आहे पण कूलर आहे. घेऊ का?

उत्तर : नको घेऊ बाबू. वर ताईंना हो म्हटलं अन् तुला नाही म्हणतो म्हणून वाईट वाटेल, पण हस्की हे बर्फातलं जनावर, अंगावर दुहेरी केसांची गादी. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली कूलर गरमच हवा फेकतो अन् लाईन गेली की संपलं. तू दहा-अकरा तास दुकानात, ते तिथं एकटं. गच्चीवरच्या त्या जर्मन शेफर्डचं वर सांगितलं ते पुन्हा वाच. आणि ज्याची किंमत हप्त्यानं फेडायची त्याच्या आजारपणाला पैसे कुठून आणशील? तुला कुत्र्याची खरंच ओढ आहे हे तुझ्या पत्रावरून कळतं, तर तुझ्या गल्लीत हिवाळ्यात कुत्री वितेल, दोन महिन्यांनी त्यातली एक पिल्ली उचल. हो, पिल्ली, मादीच उचल. जे साडेबारा हजार आता देणार होतास त्यात तिच्या सगळ्या लसी, ऑपरेशन, जंताच्या गोळ्या होऊन कितीतरी वर्षांचं उरेल. गावठी कुत्रं इथल्याच उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं आहे, तरी त्यालाही सावली अन् पाणी लागतंच.

प्रश्न : कुत्र्याला गोचीड फार झाले. मेडिकलचं औषध महाग पडते. पऱ्हाटीवर मारायचं फवारणीचं औषध पातळ करून लावलं तर चालते का? गावात काही लोक लावतात.
एक शेतकरी, ता. राळेगाव

उत्तर : नाही चालत, अजिबात नाही. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना किती शेतकऱ्यांना विषबाधा झाली, माणसं गेली, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. तेच औषध कुत्र्याच्या कातडीतून आत जातं आणि वरून ते अंग चाटतं. तोंडाला फेस, लाळ, अंगाला कापरं, मग पाय सोडतं. असं कोणी आधीच लावलं असेल तर हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून साबणानं भरपूर धुवा, चाटू देऊ नका अन् औषधाचा डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा, डब्यावरचं नाव बघून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

गोचिडासाठी गुरांच्या दवाखान्यात अंगाला लावायचं औषध मिळतं, एका बाटलीत बरेच दिवस निघतात, पण कुत्र्याला किती पाण्यात किती थेंब ते डॉक्टरांना विचारूनच, गुरांचं प्रमाण कुत्र्याला लावू नका. मांजरीला तर कुत्र्याचं गोचिडाचं औषध लावूच नका. बाकी काम हाताचं आहे. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात अन् शेपटीखाली बघायचं, चिमट्यानं कातडीला लागून धरून सरळ ओढायचं, साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचं, नखानं चिरडायचं नाही. गोठ्याच्या भिंतीच्या भेगा शेणामातीनं बुजवा, त्यांची अंडी तिथंच असतात. कुत्रं सुस्त झालं, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर तो गोचिडाचा ताप असू शकतो, थांबू नका, वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर बरं होतं.

आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यात कुत्र्याला, कोंबड्यांना पाणी ठेवतात, तुमच्याकडे तसं असेल तर आजच उचला. कुंभाराकडची एक परात आणा.